ईस्टरचं लग्न: काउतोकेइनोच्या सामी लग्नघरातून

हिमरेषा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं मी उत्तर नॉर्वेत, ट्रॉम्सोला राहते. ऑफिसातल्या एका सामी मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ईस्टरच्या शनिवारी काउतोकेइनोला झालं. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. परत आल्यापासून लिहायचं मनात होतं, आज बसले.

सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियातलं कोला द्वीपकल्प या पट्ट्यातले मूळ रहिवासी. जुन्या पुस्तकांत 'लॅप' असा शब्द सापडेल. तो त्यांना हिणवणारा वाटतो, कृपया इथे कुणी वापरू नका. काउतोकेइनो हे गावाचं नॉर्वेजियन नाव, सामी भाषेत ग्वोव्दागेआइद्नू. आल्टा शहरापासून दक्षिणेला साधारण १३० किलोमीटर. क्षेत्रफळाने ही नॉर्वेतली सर्वांत मोठी नगरपालिका, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून मोठी, आणि माणसं मात्र तीन हजारांच्या आसपास.

इथे लग्नं ईस्टरलाच का, तर रेनडिअरमुळे. हिवाळाभर कळप आतल्या पठारावर असतात. तिथे ते खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. (आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचा एक लांबचा भाऊ.) एप्रिल-मे आला की कळप किनाऱ्याकडे आणि बेटांकडे निघतात, माद्या तिकडे वितात. कळप निघाला की घरातली निम्मी माणसं त्याच्यामागे. मग उन्हाळ्यात वासरांच्या कानांवर खुणा करायच्या, शरद ऋतूत परत यायचं, मांसासाठी जनावरं कापायची. म्हणजे सगळे सोयरे-धायरे एका गावात आहेत, उजेड परतलाय आणि तरी स्नोस्कूटर चालेल इतका बर्फ टिकून आहे, असा वर्षातला एकच आठवडा हाती लागतो. त्या आठवड्यात लग्नं, बारशी, रेनडिअरच्या शर्यती, सगळं उरकून घेतात. आपल्याकडे मुहूर्त पंचांगातून निघतो, इथे तो कळपाच्या पायांत असतो.

आता कपड्यांबद्दल. यात मी फार रमले, तेव्हा लांबण लागेल.

सामी पोशाखाला गाक्ती म्हणतात. काउतोकेइनोची गाक्ती निळी, त्यावर लाल-पिवळ्या फितींचे पट्टे, खालचा घेर इतका की चालताना लाटेसारखा हलतो. नवरीच्या खांद्यांवर लांब झालरींची पांढरी रेशमी शाल होती आणि छातीवर ती शाल धरून ठेवणाऱ्या चांदीच्या मोठ्या गोल पिना, त्यांना 'रिस्कू' म्हणतात. एकेका रिस्कूला बारीक बारीक सोनेरी वाट्या लोंबत असतात. नवरी चर्चमधून चालत आली तेव्हा पाठ फिरवून उभी असूनही मला कळलं, कारण त्या वाट्यांचा आवाज आधी आला. आपल्या पैंजणांसारखा छुमछुम नाही, त्याहून हलका, पातळ बर्फ फुटल्यासारखा. नवऱ्याच्या गळ्यातही रेशमी रुमाल होता आणि त्यावर रिस्कू होतीच.

पायांत रेनडिअरच्या कातड्याचे केसाळ बूट, वर वळलेल्या टोकाचे, आणि पोटऱ्यांना विणलेल्या रंगीत पट्ट्या गुंडाळलेल्या. या बुटांत मोज्यांऐवजी वाळवलेलं गवत भरतात! मैत्रिणीच्या मावशीने मला ते गवत हातात दिलं. उन्हाळ्यात कापून, आपटून मऊ केलेलं, वेणीसारखं गुंडाळून ठेवलेलं.

मी काय नेसावं याची मला धास्ती होती. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या घरच्या लग्नाला जे घालतेस तेच घाल." म्हणून आत थर्मलचे दोन थर आणि वर आईची पैठणी. जेवताना शेजारी सत्तरीपुढच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझा पदर हातात घेतला, उलटा करून मागची वीण पाहिली, आणि नातीमार्फत विचारलं, "हा काठ कुठल्या गावचा?" ट्रॉम्सोत किती जणांनी पैठणीचं कौतुक केलं असेल, पण गाव पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी म्हटलं, येवला. त्यांनी दोनदा तो शब्द म्हणून पाहिला आणि मग स्वतःच्या बाहीवरची फीत दाखवून आपल्या घराण्याची मांडणी समजावली.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

---

मंगला_सदाशिव | सोमवार, रात्री १०:१५

हिमरेषा, किती सुंदर लिहिलं आहेस गं. मागची वीण पाहणाऱ्या त्या आजी अगदी डोळ्यांसमोर आल्या. पैठणीची पारख अशीच करतात ना!

मला जेवणावळीबद्दल सांग. माणसं किती होती? पंगत असते का? आणि आहेराची पद्धत?

---

पश्चिमवारा | सोमवार, रात्री १०:३२

वाचतोय. फोटो असतील तर टाका.

---

हिमरेषा | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

@पश्चिमवारा, फोटो माझ्याकडे आहेत, पण त्यात दुसऱ्यांची माणसं आहेत. त्यांना न विचारता इथे टाकणार नाही.

@मंगलाताई, माणसं पाचशेच्या वर सहज असतील, आणि तिकडच्या मानाने हे मोठं लग्न नव्हे म्हणे. गावाच्या क्रीडागृहात टेबलं मांडली होती. एकावेळी सगळे मावत नाहीत, म्हणून पंगतींसारख्याच फेऱ्या. मुख्य पदार्थ 'बिदोस'. हाडासकट रेनडिअरचे मोठे तुकडे पाण्यात मिठाबरोबर मंद शिजवायचे, मग बटाटे आणि गाजरं. मसाला जवळपास नाहीच. तुम्हाला वाटेल फिकं असेल, पण तासन्‌तास शिजलेल्या हाडांचा रस त्यात उतरलेला असतो आणि बाहेर उणे बारा असतं. मी दोनदा घेतलं. बरोबर मऊ चपटा पाव, आणि शेवटी पिवळ्या क्लाउडबेरी साईत कालवून.

स्वयंपाकघरात डोकावले तर अगदी आपलंच लग्नघर! माणूस आत बसेल एवढी पातेली, बाह्या सरसावलेल्या काकू-आत्या, सगळं त्यांच्या हुकमाने चाललेलं. नातेवाइकांनी वाटून घेतलेली कामं, केटरर वगैरे काही नाही.

आहेर मुख्यतः पैशांचा. नवरा-नवरी टेबलाशी बसतात, माणसं रांगेने येऊन देतात, हात हातात घेतात, दोन शब्द बोलतात. जवळचे नातेवाईक रेनडिअर देतात. अर्थात तिथे आणून उभं करत नाहीत, कळपातली मादी नवीन जोडप्याची झाली असं सांगतात आणि पुढे तिच्या वासरांच्या कानावर नव्या मालकाची खूण होते. संसाराला मुद्दल मिळतं ते असं.

---

दप्तरदार | मंगळवार, रात्री ८:५०

कानावरच्या खुणेबद्दल जरा विस्ताराने लिहाल का? मी निवृत्त वकील आहे, मालमत्तेचा विषय निघाला की राहवत नाही. ती खूण घराण्याची की व्यक्तीची? आणि लग्नानंतर बायकोची जनावरं नवऱ्याची होतात का?

---

हिमरेषा | मंगळवार, रात्री ९:३०

दप्तरदारकाका, मीही मैत्रिणीला नेमकं हेच विचारलं होतं.

खूण व्यक्तीची. प्रत्येक मालकाची वेगळी, दोन्ही कानांवर सुरीने केलेल्या कापांची जुळणी. तिची सरकारदरबारी नोंद असते. मुलाला लहानपणीच, बरेचदा बारशाला, स्वतःची खूण आणि पहिली जनावरं मिळतात. मुलींनाही. माझी मैत्रीण ट्रॉम्सोत संगणकापुढे बसते, पण तिच्या खुणेची जनावरं भावाच्या कळपात आहेत.

आणि बाईची जनावरं लग्नानंतरही बाईचीच राहतात. एका कळपात नवऱ्याची, बायकोची, मुलांची, सासूची जनावरं एकत्र चरतात, पण कुठलं कुणाचं हे कान सांगतो. अशा एकत्र राखणाऱ्या कुटुंबांच्या गटाला 'सिइदा' म्हणतात. जोडपं नवऱ्याच्या सिइदात राहील किंवा बायकोच्या; चराई कुठे पुरेल, माणसांची गरज कुठे आहे, यावर ते ठरतं.

कायद्याने मात्र इथेही बायकांचं नुकसान केलं. नॉर्वेच्या १९७८ च्या रेनडिअरपालन कायद्याने 'व्यवसाय घटक' ठरवून नोंदणी सुरू केली आणि घरटी एक नाव लागू लागलं, ते बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जनावरं राखणाऱ्या बायका कागदावर 'मालकाची बायको' झाल्या. मैत्रिणीची आई हे सांगताना आजही चिडते.

---

दप्तरदार | मंगळवार, रात्री ९:५२

धन्यवाद. म्हणजे स्त्रीधनच, पण वर्षाला वाढणारं आणि ज्याच्या कानावरच सातबारा कोरलाय असं. १९७८ चा तपशील वाचून आपल्याकडचे घराचे आणि जमिनीचे उतारे आठवले.

---

दूरदेशी | बुधवार, सकाळी ११:२०

उत्तम धागा. मी स्वीडनमध्ये उप्सालाला होतो काही वर्षं, तेव्हा या विषयावरचं जुनं वाचलं होतं. थोडी भर घालतो.

उप्सालाचे प्राध्यापक योहानेस शेफेरुस यांनी १६७३ मध्ये लॅटिनमध्ये सामींवर मोठा ग्रंथ लिहिला, 'लॅपोनिया'. त्यात मागणी घालण्याच्या रीतीवर सविस्तर मजकूर आहे. मुलगा एकटा जात नसे. बरोबर एक बोलणारा मध्यस्थ, आणि मुलीच्या बापासाठी मद्य. आधी मद्य पुढे करायचं, मग विषय काढायचा. बाप प्यायला तर बोलणी पुढे जाणार.

पण त्या ग्रंथातलं खरं सोनं वेगळंच आहे. शेफेरुसला माहिती देणाऱ्यांत ओलाउस सिर्मा नावाचा सामी विद्यार्थी होता. त्याने दोन प्रेमगीतं लिहून दिली, एक हिवाळ्याचं, एक उन्हाळ्याचं. हिवाळ्याच्या गाण्यात प्रियकर घसरगाडीला जुंपलेल्या आपल्या रेनडिअरला विनवतो, की बाबा, पावलं उचल, वाट लांब आहे आणि ती पलीकडे आहे. सामी भाषेतल्या छापलेल्या या सर्वांत जुन्या कविता. युरोपभर त्यांची भाषांतरं झाली, जर्मनीत हेर्डर या लेखकाने केलं, आणि पुढे अमेरिकन कवी लाँगफेलोच्या एका कवितेचं पालुपद उन्हाळ्याच्या गाण्यातल्या एका ओळीवरून आलं.

सगळं जग ज्यांना रानटी समजत होतं त्यांच्या एका मुलाने लॅटिन ग्रंथात आपल्या भाषेतली प्रेमकविता घालून ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

---

जाईजुई | बुधवार, दुपारी १:१०

दूरदेशी, हे माहीतच नव्हतं. रेनडिअरला विनवणारा प्रियकर मनात घर करून राहिला.

एक प्रश्न: योइक नावाचं त्यांचं गाणं असतं ना? लग्नात गातात का, आपल्या मंगलाष्टकांसारखं?

---

हिमरेषा | बुधवार, संध्याकाळी ६:४५

दूरदेशी, मनापासून आभार. हे मी मैत्रिणीला वाचून दाखवणार आहे.

जाईजुई, योइकचं उत्तर घराघरावर अवलंबून आहे आणि त्यामागे दुखरा इतिहास आहे. उत्तर सामी भाषेत योइकला 'लुओहती' म्हणतात. ते कुणा'बद्दल' नसतं. माणसाला, डोंगराला, लांडग्याला स्वतःची लुओहती असते, आणि ती गायली की ते माणूस तिथे हजर झालं असं मानतात. मिशनऱ्यांनी ते पाप ठरवलं. सामी नोआइदींची, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मातल्या भगतांची, ढोलकी सतराव्या-अठराव्या शतकांत जप्त झाली, जाळली गेली.

मग एकोणिसाव्या शतकात लार्स लेवी लेस्टाडियस हा स्वतः सामी रक्ताचा पाद्री आला. त्याने सामी भाषेत प्रवचनं दिली आणि दारूविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा व्यापारी दारू पाजून सामींना लुबाडत होते, त्यामुळे त्याचं म्हणणं लोकांना पटलं. १८५२ च्या नोव्हेंबरात काउतोकेइनोत याच जागृतीतून उठाव झाला. दारूचा व्यापारी आणि पोलीस अधिकारी मारले गेले, आणि १८५४ मध्ये अस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी या दोघांचा आल्टात शिरच्छेद झाला. त्यांची डोकी अभ्यासासाठी म्हणून राजधानीत नेली. वंशजांच्या हाती ती दफनासाठी मिळाली १९९७ मध्ये.

लेस्टाडियसच्या पंथाची घरं आजही पुष्कळ आहेत. तिथल्या लग्नात दारू नाही, नाच नाही, योइकही नाही. भजनं असतात, संथ लयीत सगळं चर्च मिळून म्हणतं. मी गेले ते लग्न मिश्र होतं. चर्चमध्ये भजनं. रात्री उशिरा, पंथातले वडीलधारे घरी गेल्यावर, नवऱ्याच्या एका काकांनी डोळे मिटून नवऱ्याची लुओहती घेतली. शब्द जेमतेम दोन-चार, बाकी नुसता सूर. नवरा मान खाली घालून ऐकत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

पंथाच्या धाकाने एक लेणंही गेलं. बायकांची शिंग असलेली टोपी, 'लाजोगाहपिर'. आत लाकडाचा आकार घालून मागे उंच वळवलेली. त्या शिंगात सैतान बसतो असं धर्मोपदेशकांनी सांगितलं म्हणून ती गेली असं मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिसेनाशी झाली. अलीकडे औती पिएस्की या सामी चित्रकर्तीने एका पुरातत्त्व-अभ्यासिकेबरोबर संग्रहालयांतल्या टोप्या शोधल्या, मोजल्या, आणि बायकांना शिवायला शिकवल्या. आमच्या लग्नात दोन तरुण मुलींच्या डोक्यावर होत्या.

---

कैरी_पन्हं | बुधवार, रात्री ९:१५

ताई, धागा एकदम भारी. मला थोडं वेगळं विचारायचंय. माझं डिसेंबरमध्ये लग्न आहे आणि आम्ही फिनलंडला रोव्हानिएमीला प्री-वेडिंग शूट करतोय. पॅकेजमध्ये "पारंपरिक लॅपलँड वेशभूषा" आहे, निळ्या-लाल कपड्यांत रेनडिअरबरोबर फोटो. तुमचा लेख वाचून तेच कपडे वाटताहेत. हे ठीक आहे ना?

---

हिमरेषा | बुधवार, रात्री ९:४८

कैरी, आधी लग्नासाठी खूप शुभेच्छा! विचारलंस हे फार बरं केलंस.

माझं ऐकशील तर ते कपडे घालू नकोस. गाक्तीवरून माणूस कुठल्या गावचा, कुठल्या घराण्याचा ते कळतं. काउतोकेइनोकडे कमरपट्ट्यावरच्या बटणांवरून लग्न झालंय की नाही तेही कळतं, चौकोनी बटणं लग्न झालेल्यांची, गोल अविवाहितांची. पॅकेजमधले कपडे बहुतेक वेळा बनावट असतात, कुठल्याच गावचे नसतात. आणि खरे असतील तर मग कुणाच्या तरी गळ्यातलं मंगळसूत्र फोटोपुरतं मागून घालण्यासारखं ते होईल. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी जी तत्त्वं जाहीर केली, त्यांचा रोख अशा वापराविरुद्धच आहे.

---

सडेतोड | बुधवार, रात्री १०:२०

मला हे पटत नाही. परदेशी लोक इथे येऊन नऊवारी नेसतात, फेटे बांधतात, आपल्याला आनंदच होतो. संस्कृती वाटल्याने वाढते. एका मुलीने हौसेने फोटो काढला तर कुणाचं काय बिघडलं?

---

हिमरेषा | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

सडेतोड, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

साडी नेसली म्हणून आपल्याला कुणी शाळेत मारलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभराहून अधिक वर्षं नॉर्वेने सामींना 'नॉर्वेजियन' करायचं धोरण राबवलं. मुलं वसतिशाळांत ठेवली, सामी बोलायला मनाई केली. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी लाजेने गाक्ती टाकून दिली, नातवंडांना आपण सामी आहोत हे सांगितलंसुद्धा नाही. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने इथला जवळपास अख्खा फिनमार्क प्रांत जाळला, काउतोकेइनोचं जुनं चर्चही त्यात गेलं. आज जे चर्च आहे, ज्यात हे लग्न लागलं, ते १९५८ चं. नॉर्वेत सामी संसद उघडली ती १९८९ मध्ये, आणि या धोरणाचा सत्यशोधन आयोगाचा अहवाल नॉर्वेच्या राष्ट्रीय संसदेपुढे आला तो २०२३ मध्ये. इतकं सगळं सोसून जे वस्त्र परत अंगावर आलं, ते दुकानात भाड्याने टांगलेलं दिसलं की त्यांना लागतं.

बाहेरच्यांना कधीच मिळत नाही असंही नाही. त्याच लग्नात एक नॉर्वेजियन जावई गाक्तीत होता. सासूने मापं घेऊन स्वतः शिवली होती. घरच्यांनी दिली तर ती तुमची.

---

सडेतोड | गुरुवार, रात्री ८:१५

वसतिशाळांचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो.

---

तांबडं_फुटलं | गुरुवार, रात्री १०:०५

थोडं पूर्वेकडचं. मी रशियन शिकलो, तेव्हापासून यामाल द्वीपकल्पातल्या नेनेत्स लोकांबद्दल वाचत आलोय. तेही रेनडिअरवाले, पण अजून वर्षभर तंबूत फिरणारे पुष्कळ. त्यांच्यात वरपक्षाकडून वधूमूल्य म्हणून रेनडिअर दिले जात, आणि नवरी येताना चूमची, म्हणजे तंबूची, कातडी आच्छादनं आणि सामानाच्या घसरगाड्या घेऊन येई. म्हणून चूम बाईचा. उभारायचा तिने, उतरवायचा तिने.

---

मंगला_सदाशिव | गुरुवार, रात्री १०:४०

म्हणजे नवरी माहेरून घरच घेऊन यायची! आमच्या रुखवतातली भांडी त्यापुढे किती लहान.

हिमरेषा, एकच शेवटचं. त्या चांदीच्या पिना कुठून येतात? आणि नवरीच्या अंगावरची सगळी चांदी तिचीच का?

---

हिमरेषा | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

मंगलाताई, चांदी बाहेरून आलेली. कातडी, फर देऊन शहरांतल्या सोनारांकडून घेत. फिरत्या माणसाला जमीन घेऊन फायदा नाही, चांदी मात्र घसरगाडीत मावते. शिवाय ती राखण करते अशी समजूत. बाळाच्या पाळण्याला चांदीचा पोकळ नक्षीदार गोळा बांधतात, म्हणजे जमिनीखालची अदृश्य माणसं बाळ बदलून नेत नाहीत. काउतोकेइनोत एका परदेशी जोडप्याने १९५९ मध्ये चांदीची कार्यशाळा काढली, यूल्स नावाची. कळपवाल्यांची मोडकी जुनी चांदी दुरुस्त करण्यातूनच त्यांचं काम वाढलं.

नवरीच्या अंगावर पाच रिस्कू होत्या. दोन तिच्या, एक आईची, एक मैत्रिणीची. पाचवी सर्वांत मोठी, मध्ये बसवलेली, पणजीची. तिच्या लोंबत्या वाट्यांपैकी दोन नाहीत. मैत्रिणीला मी म्हटलं, यूल्सकडे बसवून मिळतील की. ती म्हणाली, त्या कुठल्या वर्षी, कुठली नदी ओलांडताना पडल्या हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाही बसवत.

---

कैरी_पन्हं | शुक्रवार, रात्री ११:०२

पॅकेजवाल्यांना कळवलं, कपडे नकोत. आजीची हिरवी इरकल आहे, ती नेसणार. ताई, थर्मल आतून कुठल्या कंपनीचे घेतलेस आणि बुटांत ते गवत कुठे मिळेल, तेवढं व्यक्तिगत निरोपात कळव.